कोपरा फाडलेलं कार्ड

वडगावचे बन्सी गुरुजी आणि दौंडला रेल्वेत असलेला त्यांचा मित्र मच्छिंद्र पोस्टकार्डांवर मिळून एक गोष्ट लिहीत होते. एक कार्ड याचं, एक त्याचं. मच्छिंद्र गोष्टीत दर वर्षी नवं सोंग घ्यायचा, कधी पैलवान, कधी फौजदार. गुरुजी मात्र एकाहत्तर सालापासून एकालाच धरून होते: कुणाच्याही जेवणाला नावं ठेवणारे तिरसट हवालदार आबा.

शेवटी गुरुजींनाच आबांचा कंटाळा आला. 'आज पहाटे हवालदार आबा गेले' एवढंच लिहून, मरणाच्या बातमीच्या रीतीप्रमाणे कार्डाचा कोपरा फाडून त्यांनी ते पेटीत टाकलं आणि सुटलो म्हणत घरी आले.

दुपारी दारात शेजारची पार्वतीबाई आणि तिच्या मागं निम्मी आळी. प्रत्येकीच्या हातात झाकलेलं पिठलं-भाकरी.

"अहो, ते गोष्टीतले होते!" गुरुजी ओशाळून म्हणाले.

"ठावं हाय की," पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाली. "सात वर्सं पोस्टमन पारावर त्येंचीच कार्डं वाचून दावतोय. आज चूल पेटवू नगा, गुरुजी. दोन घास खावा."

 

संध्याकाळी दुसरं कार्ड निघालं: 'आबा तिरडीवर उठून बसले. म्हणतात, पार्वतीबाईच्या पिठल्यात मीठ कमी होतं.'