मालनची पावलं

मालन गेल्याचं फिजिओथेरपी केंद्रात कळलं ते तिचे यजमान दिगंबर सुतार तिला केंद्रातून मिळालेली काठी परत द्यायला आले त्या दिवशी. मोरीत पाय घसरला आणि डोकं आपटलं, एवढंच ते बोलले. तिथल्या रेश्मा मुजावरने हातातलं काम सोडून त्यांना खुर्ची दिली.

केंद्रातल्या चालपट्टीवरून माणूस चालला की त्याच्या पावलांवरून पोटात कोणतं औषध आहे ते पट्टी बोलून सांगायची. महिन्यापूर्वी मालन चालली तेव्हा पट्टी म्हणाली होती, "झोपेची गोळी."

"अगं बाई, ह्यांच्या घोरण्यात मला कुठली झोप?" मालन म्हणाली होती. दिगंबरही हसले होते. रेश्माने ती पट्टीची चूक म्हणून नोंदवली, आणि तसली पावलं पडली तरी गप्प राहायला पट्टी शिकली.

आता पट्टीवर एक आजी चालत होत्या. पाय फरफटत होता, तोल जात होता. पट्टी गप्प होती.

"पोरी, त्यांना थांबव," दिगंबर म्हणाले. "पट्टी चुकली नव्हती. गुडघा ठणकून मालनला झोप लागेना, म्हणून माझीच झोपेची गोळी तिला देत होतो. दुखण्याची आहे म्हणून सांगून. त्या दिवशी तुमच्यासमोर बोलायची लाज वाटली."

रेश्माने आजींना बसवलं, नोंद दुरुस्त केली आणि येऊन त्यांचा हात धरला. "तुम्ही काही मामींच्या वाईटावर नव्हता, मामा. लेकीला गोळीचं सांगितलंत?"

दिगंबरांनी खाली बघितलं. लेकीला सांगायचं अजून राहिलं होतं.