अकरा सेकंद

डोलकाठीचं टोक पाण्याला टेकलं तसा तेजश्रीनं हात वर केला. सुभानचाचांनी दोर सोडला. आडवी पडलेली बोट उसळी मारून उठली, पण अर्ध्यावर येऊन रेंगाळली. मग हळूहळू, डुलत डुलत सरळ झाली.

तेजश्रीनं घड्याळ थांबवलं. अकरा सेकंद. तिच्या गणितात चार होते.

बावीस फुटी शिडाची बोट वडगाव रासाईच्या एका शेततळ्यात उभी होती. समुद्र इथून दोनशे किलोमीटर दूर. आराखडा तेजश्रीचा, तिचा पहिलाच. बांधणी सुभानचाचांची. कासुर्डीला त्यांची पाण्याच्या टाक्यांची शेड होती. चार महिने टाक्या बंद ठेवून त्यांनी ही बोट फायबरमध्ये घडवली होती. ती घेणारी मेहक अलिबागहून आली होती. मागच्या वर्षी तिची आधीची बोट किनाऱ्याजवळच उलटली आणि सरळ झालीच नाही. मेहक आणि तिची मुलगी दीड तास उलट्या बोटीला धरून पाण्यात होत्या. म्हणून मेहकची अट एकच होती. बोट आडवी पाडायची, सोडायची आणि बघायचं.

"दुसरी लाट अकरा सेकंद थांबत नाही," मेहक म्हणाली. आवाज चढा नव्हता. तिनं गाडीची किल्ली पर्समधून काढून हातात घेतली.

सुभानचाचा तेजश्रीला बाजूला घेऊन समजावू लागले. बोटीच्या पोटाखालच्या कण्यात साडेचारशे किलो शिसं होतं. त्यात अजून शंभर किलो ओतू, झटक्यात उठेल. तेजश्रीनं मान हलवली. शंभर किलोनं बोट जड होईल आणि कोकणातल्या मंद वाऱ्यात जागची हलणार नाही. आणि गणित चुकलंय हे कळल्याशिवाय ती एक किलोही वाढवणार नव्हती.

"तेजू, हट्टी हायेस," चाचा म्हणाले. "गिऱ्हाईक चाललंय, आन् तू वही काय काढतीस?"

तिनं वही काढलीच. सकाळी ती पोचण्याआधीच तळ्याचे मालक साहेबरावमामांनी बोट पाण्यात उतरवून घेतली होती. क्रेनवाला तासभर आधी आला होता आणि थांबायला तयार नव्हता. आल्या आल्या तिनं एक नोंद केली होती. समुद्रात पाणी जिथवर यावं तिथं बोटीवर रंगवलेली पाणरेषा पाण्याच्या तीन सेंटिमीटर वर होती. तेव्हा घाईत तिनं त्यावर विचार केला नव्हता. आता केला. तळ्यातलं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे रेषा किंचित पाण्याखाली जायला हवी. वर कशी? शेडमध्ये बोटीचं वजन बरोबर बाराशे किलो भरलं होतं. म्हणजे बोटीतून काही कमी झालेलं नव्हतं. खालून काहीतरी तिला उचलत होतं.

तिनं समोर पाहिलं. चाचणीत बोट या काठाकडे कलंडली होती, त्यामुळे इकडच्यांना फक्त तिची वरची बाजू दिसली. पोट पलीकडे होतं, आणि पलीकडच्या काठावर एकटे साहेबरावमामा उभे होते.

"मामा," ती ओरडली, "बोटीच्या खाली काय बांधलंय?"

"थर्माकोल," मामा जरासुद्धा न अडखळता म्हणाले. "क्रेनला लटकली व्हती तवाच गोण्यात भरून आवळला. तुझा त्यो कणा तळाला घासला आन् तळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला, म्हंजी? उन्हाळ्याचं पाणी हाय ह्यात."

किती गोण्या, तेजश्रीनं विचारलं. आठ, मामा म्हणाले, आन् चांगल्या ठासून भरल्यात.

ती वहीत आकडे मांडू लागली. आठ गोण्या, पाण्याखाली साधारण दोनशे लिटर. म्हणजे दोनशे किलोंची वरची ओढ, आणि ती नेमकी शिशाच्या जागी. बोट अर्ध्यावर आल्यावर गोण्या पाण्यात बुडत गेल्या आणि तिला मागे खेचत राहिल्या. सात सेकंद तिथं गेले होते.

"क्रेन परत बोलवा, चाचा," ती म्हणाली. "गोण्या सोडू. मॅडम, अर्धा तास थांबा. परत पाडून दाखवते."

मेहक वहीतल्या आकड्यांवर वाकली होती. तिनं साडेचारशेतून दोनशे स्वतः वजा केले, मग उभी राहून बोटीकडे पाहिलं. किल्ली तिनं पुन्हा पर्समध्ये टाकली.

"परत कशाला?" ती म्हणाली. "जवळजवळ निम्मं शिसं नसल्यासारखं होतं, तरी उठलीच की ती."