कांद्याची भूक

कांद्याच्या वाफ्यातलं यंत्र पुन्हा बोललं, "शेवंता, भूक लागलीय गं."

पिकाला घरच्याच माणसाचा आवाज द्यायची पद्धत होती. शेवंताने गेलेल्या नवऱ्याचा दिला होता. हाक आली की ती युरिया टाकायची. तीनदा टाकून खांदे भरून आले, तरी हाक थांबेना.

तपासणीला आलेली तस्नीम म्हणाली, "मावशी, कोवळी पात पिवळी पडलीय. नत्र भरपूर आहे, पण गंधकाशिवाय ते अंगी लागत नाही. गंधक टाका, नाहीतर कांदा पोसायचा नाही. चार दिवसांत हाक बंद होईल."

"बंदच?"

"अगदी बंद."

तेव्हापासून शेवंता रोज गंधकाची गोणी सोडायची, बांधावर जरा टेकायची आणि गोणीचं तोंड पुन्हा बांधायची.

"आज फार दमलेय हो. उद्या टाकते."