स्टोनहेंजची दुरुस्ती

श्रीराम वर्तक यांना वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या एडिसन गावच्या एका शाळेत, आठवीच्या इतिहासात 'सी' मिळाला. मिळाला नाही, असं धरून चालू. वर्तकांकडे 'सी' कुणाला मिळत नाही.

तर मार्च १९८४. शाळा सुटलेली. वर्तक मुलांच्या खुर्चीत कसेबसे मावले होते. शेजारी मुलगी पद्मिनी, समोर इतिहासाच्या मिसेस डॉयल. टेबलावर एक खोकं, त्यावर लाल शाईत 'सी'.

"हिने रिपोर्ट उत्तम लिहिलाय," मिसेस डॉयल म्हणाल्या. "इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा कुठला दगड पडलाय, कुठला कललाय, सगळं. आणि मॉडेल हे असं!"

त्यांनी खोकं उचललं. आत मातीच्या दगडांचं वर्तुळ होतं. सगळे ताठ उभे.

पद्मिनी बघतच राहिली. "धिस इज नॉट माइन."

"तुझंच आहे," वर्तक म्हणाले. "सकाळी बघतो तर निम्मं कोसळलेलं. तू अंघोळीला गेली होतीस. म्हटलं, पोरगी रडेल. उभे केले, कमी होते ते नवीन करून बसवले आणि ऑफिसला जाताना इथे ड्रॉप केलं. लेव्हल लावून चेक केलंय."

"बाबा, इट्स सपोज्ड टू बी ब्रोकन! तीन वीक्स मी ते ब्रोकन करत होते!"

वर्तकांचा जन्म पूल बांधण्यात गेला होता. त्यांचा आवाज चढला.

"मोडक्याला मार्क? मॅडम, हे पडत होतं तेव्हा तिथले लोक काय करत होते? रोमन आले, साडेतीनशे वर्षं राहिले. सॅक्सन आले, ते तर गेलेच नाहीत. एकालाही वाटलं नाही, दगड उचलावा? आणि हे इंग्रज दीडशे वर्षं आम्हाला बांधकाम शिकवत होते!"

"मी आयरिश आहे, मिस्टर वर्तक," मिसेस डॉयल म्हणाल्या. "मला नका सांगू."

मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "दुरुस्ती तुम्ही केलीत, असं लिहून द्या. पद्मिनीला 'ए' देते. हा 'सी' तुमच्या नावावर टाकते."

पद्मिनी खिडकीबाहेर बघत होती. डोळे भरलेले. वर्तकांनी पेन उघडलं.

'सदर मॉडेलची दुरुस्ती मी, मुलीच्या नकळत केली. तिचा यात काहीही दोष नाही.'

इथे सही करून थांबता आलं असतं. पद्मिनी "बाबा, प्लीज" म्हणालीसुद्धा. ते लिहीत राहिले.

'तरी ब्रिटिश सरकारच्या संबंधित खात्याने मूळ दगड सदर मॉडेलबरहुकूम उभे करून घ्यावेत, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला शाळेस प्राप्त होताच माझ्या मार्कांचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती.'