शेवटच्या पानावरची नावं

आखाती युद्धातल्या क्षेपणास्त्र-हल्ल्याचा सायरन वाजला आणि रियाधच्या त्या इस्पितळातल्या नर्सेस तळघरात धावल्या. त्या धावपळीत ब्रिजिताची वही पडली. ती धर्मभगिनी आहे, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. या देशात ख्रिस्ती प्रार्थनापुस्तक आणायला बंदी, म्हणून ते ती आठवून आठवून वहीत उतरवत होती. शेवटी, ज्यांच्यासाठी उतरवलं त्यांची नावं-गावं लिहायची, ही मठातली रीत.

वही उचलली मेट्रन खतीजाबाईंनी. ब्रिजिताखेरीज मराठी वाचता येणाऱ्या तिथे त्या एकट्याच. शेवटच्या पानावर त्या थबकल्या. ब्रिजिताने वहीसाठी हात पुढे केला.

“काय आहे ते?” तळघराच्या दारावरच्या पहारेकऱ्याने विचारलं.

“औषधांची यादी.”

तो वळल्यावर वही परत देत त्या पुटपुटल्या, “तू लिहिलंयस तसा माझा मुलगा नबील दहरानला नाही गं आता. काल त्याला सीमेवर नेलं, खफजीला. त्याच्या नावापुढचं तेवढं गाव बदल.”