शेजारची सीट

ही गेल्यावर आमच्या जुन्या कॅम्पर व्हॅनला मी पहिल्यांदाच चावी लावली, तर गाडी ढिम्म. वायरिंग सगळं हिनेच केलेलं. मला फ्यूजही बदलता येत नाही. फिरायची हौसही हिचीच दांडगी. मी घराला कुलूप लावून येईपर्यंत ही शेजारच्या सीटवर हजर.

वायरमनने डॅशबोर्ड उघडला आणि बघतच राहिला.

"काका, कुणाचं काम हे? वेणी घालावी तशा वायरी बसवल्यात."

"तुझ्या काकूचं."

बॅटरी ठीक, फ्यूज ठीक, स्टार्टरही ठीक. दमून तो शेजारच्या सीटवर टेकला. "मारा पुन्हा चावी."

गाडी झटक्यात सुरू झाली. मी ती बंद केली. तो उतरल्यावर चावी मारली, तर पुन्हा गप्प.

"माझा पायगुण, दुसरं काय!" म्हणत त्याने सीट उचलली. खाली एक चपटं बटण होतं आणि त्याची वायर स्टार्टरकडे गेली होती. "शेजारी कुणी बसलं तरच गाडी सुरू होणार! डोकं आहे काकूंचं. पण कशासाठी?"

दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "बाबा, गोळ्यांनी डुलकी लागेल, एकट्याने गाडी चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

वायरमनने पक्कड काढली. "बटण काढून वायरी जोडून टाकतो."

"नको रे. आहे तसंच राहू दे."

मी घराला कुलूप लावून आलो, तेव्हा मुलगी शेजारच्या सीटवर हजर होती.