आपल्या भाषेतलं गाणं

लेनिनग्राडच्या आमच्या कॉलेजात, एकाहत्तर साली, आमचा बँड इंग्रजी गाणीच वाजवायचा. त्या शनिवारी रोदियोनने पहिल्यांदाच स्वतः रचलेलं रशियन गाणं म्हटलं, सैन्यातून न परतलेल्या भावाचं. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली.

गाणं संपताच कॉलेजवर नजर ठेवणाऱ्या कम्युनिस्ट पक्षसमितीचे सावेली इग्नात्येविच स्टेजमागे आले. त्यांनी आतून कडी लावली. आमचे चेहरे पांढरे पडले.

"कुणी लिहिलं हे?"

"मी," रोदियोन कसाबसा म्हणाला.

"पुन्हा म्हण. हळू."

त्याने म्हटलं. शेवटच्या कडव्याला त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यापुढे इंग्रजीतच गा."

"पण परक्या भाषेत काय बोंबलता, असं तुम्हीच तर झापायचात!"



"इंग्रजी गाण्यातलं मला काही कळलं नाही, असं वर सांगता तरी येतं रे, पोरा."